ताईच्या नावाचं पान

सर्वपित्री अमावास्येला आमच्या घरी सहा पानं निघायची. पाच सासरच्या पितरांची, सहावं माझ्या ताईचं. ताई अकोल्यात जठारपेठेत फुलांचं दुकान चालवत होती, तब्येतीनं ठणठणीत होती, आणि मी इकडे अमरावतीत दरवर्षी तिच्या नावाची खीर आणि वडे गच्चीच्या कठड्यावर ठेवून कावळ्याची वाट पाहत होते. तेवीस वर्षं हे चाललं. ऐकणाऱ्याला वाटेल, या घरात कुणाचं डोकं ठिकाणावर नव्हतं. सगळ्यांची डोकी ठिकाणावर होती. मी तर शाळेत शिक्षिका आहे, पोरांना खरं बोलायला शिकवते.

माझं माहेर अंजनगाव सुर्जीजवळच्या एका खेड्यातलं. बाबांची फुलशेती होती. शेवंती, झेंडू, थोडासा निशिगंध. सकाळी तोडणी झाली की माय, ताई आणि मी ओसरीत हार करायला बसायचो. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. गावातल्या देवळात हार पोचवायचं काम तिच्याकडे होतं. टोपली घेऊन ती रोज जायची आणि दिवसेंदिवस तिला परत यायला उशीर व्हायला लागला. मी तेव्हा चौदा वर्षांची. मला वाटलं, ताईची भक्ती वाढली. भक्ती वाढलीच होती, पण ती पुजाऱ्याच्या मुलावरची. एके दिवशी रिकामी टोपली देवळाच्या पायरीवर सापडली, आणि ती दोघं अकोल्याच्या गाडीत बसून गेल्याचं दुपारी कळलं. पुजाऱ्याच्या घरानं त्याला टाकलं, आमच्या घरानं तिला.

तिसऱ्या दिवशी बाबांनी मायला आणि मला मळ्यातल्या विहिरीवर नेलं, मोटर चालू केली आणि ताईच्या नावानं आंघोळ करा म्हणाले. जितंजागतं माणूस आपल्यापुरतं मेलं असं ठरवायचं असलं की आमच्याकडे अशी आंघोळ करत. पाणी डोक्यावरून गेलं की त्या माणसाचं नाव पुन्हा घरात काढायचं नाही. माय पाइपाखाली जाईना. बाबांनी बादली भरून तिच्या डोक्यावर ओतली, तरी ती तशीच उभी, लुगड्यातून पाणी निथळत होतं. मला ओढावं लागलं नाही. मी आपणहून पाइपाखाली बसले. खोटं कशाला सांगू, मला ताईचा राग आला होता. आम्ही दोघी एका गोधडीत झोपायचो, आणि एवढी मोठी गोष्ट तिनं मला सांगितली नव्हती.

आठ वर्षांनी माझ्यासाठी स्थळं पाहायला सुरुवात झाली. बाबा चौथी शिकलेले, म्हणून माझं परिचयपत्र मीच लिहायला घेतलं. नाव, शिक्षण, उंची, मामांचं गाव. ‘बहिणी’ या ओळीवर येऊन पेन अडला. ‘नाही’ लिहावं तर अख्ख्या गावाला माहीत होतं की हे दोन लेकींचं घर. ‘एक’ लिहावं तर पुढचा प्रश्न, कुठे दिली? मी ‘एक’ लिहिलं, पुढे ताईचं नाव लिहिलं, आणि नावाच्या आधी ‘कै.’ लावलं. हे मला कुणीही सांगितलं नव्हतं. बाबांनीसुद्धा नाही. त्यांनी कागद घेतला, त्या ओळीवर बराच वेळ बोट ठेवून बसले आणि मग अक्षर चांगलं आलं म्हणून कागद खिशात घातला. अंजनगावात झेरॉक्सच्या दुकानातून त्याच्या प्रती काढून आणल्या आणि पाहुण्यारावळ्यांत वाटल्या.

त्यातलीच एक अमरावतीला पोचली. मुलगा नांदगाव पेठच्या एका कापडाच्या कारखान्यात सुपरवायझर, घरी आई-वडील. लग्न झालं. पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मायेनं विचारलं, बहीण कशानं गेली? मी म्हणाले, तापानं. लिहिलेलं आता बोलूनही झालं. गावाकडचं कुणी सासऱ्यांच्या कानाशी लागलं नसेल असं मला वाटत नाही, पण ते कधी बोलले नाहीत आणि न बोलताच गेले. सासूबाईंनी मात्र माझा शब्द खरा मानला. त्या भाद्रपदात पितरांचा स्वयंपाक चालू असताना त्या मला म्हणाल्या, “तुह्या माहेरी पान काढाले भाऊ नाही. बहिणीचं पान इथंच काढत जा. लेकरू उपाशी नोको राह्याले.”

दुसरी एखादी सासू असं म्हणाली असती का? त्यांचं हे वागणं इतकं चांगलं होतं की मला तोंड उघडायला जागाच राहिली नाही. मी सहावं पान काढलं. कढी, खीर, वडे, लाल भोपळ्याची भाजी, गवार. कावळा ताईच्या पानाला दरवेळी सगळ्यांत आधी शिवायचा. सुखात हाये तुही बहीण, असं म्हणून सासूबाई समाधानानं खाली उतरायच्या. मी मागे राहून कठडा पुसायची.

बाबा तीन वर्षांपूर्वी वारले. माय गावी एकटीच राहिली, कितीही म्हटलं तरी यायला तयार नव्हती. गेल्या उन्हाळ्यात तिचं हृदय थकलं. दोन पावलं चालली की धाप. एकटं ठेवू नका असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलं तेव्हा मी तिला अमरावतीला घेऊन आले. पितृपक्ष जवळ आला तशी मला सहाव्या पानाची काळजी लागली. माय आतल्या खोलीत पडून असते, तिला काय कळणार, अशी मी माझी समजूत घातली.

अमावास्येला ती भिंत धरत धरत स्वयंपाकघराच्या दारात आली. ओट्यावर सहा पानं वाढलेली होती. कुणाकुणाची, असं तिनं सहज विचारलं. सासूबाईंनी एकेक करून सांगितलं, आणि शेवटच्या पानाशी त्यांचा आवाज हळवा झाला. हे तुमच्या थोरलीचं, म्हणाल्या.  मायनं फक्त माझ्याकडे पाहिलं आणि परत भिंत धरून आत गेली.

दुपारी मी तिचं ताट घेऊन गेले तर तिनं ते बाजूला सारलं. “जित्या लेकीचं पान काढून राहिली तू,” ती म्हणाली. “मी आंघोळ नोती केली. मले घातली होती. तुले कोणं सांगतलं होतं?”

मी ताट उचलून खिडकीत ठेवलं. मग तिनं आणखी एक गोष्ट सांगितली. गावातली फुलं अकोल्याला नेणाऱ्या टेम्पोवाल्यानं तिला नऊ वर्षांपूर्वीच ताईचा पत्ता सांगितला होता. जठारपेठेत हारांचं दुकान. बाबा होते तोवर तिनं तो मनात ठेवला, आणि बाबा गेल्यावर इतक्या उशिरा कोणत्या तोंडानं बोलवायचं म्हणून गप्प राहिली. आता मात्र तिला गप्प बसायला वेळ नव्हता. घेऊन ये तिले, म्हणाली, मले एकदा पाह्यची हाये.

घट बसल्यावर तिसऱ्या दिवशी शाळेचं काम आहे असं घरी सांगून मी अकोल्याची एसटी पकडली. जठारपेठेत हारांची तीन दुकानं सापडली. तिसऱ्या दुकानात पन्नाशी ओलांडलेली एक चष्म्यातली बाई मांडी घालून शेवंतीचा हार करत होती. दोरा दातात धरून गाठ मारण्याची ती लकब मायची होती. कोणता देऊ, तिनं मान वर न करता विचारलं. मी तशीच उभी राहिले तेव्हा तिनं वर पाहिलं. चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला.

“मोठी झाली,” ताई म्हणाली.

मी सेहेचाळीस वर्षांची होते. तिनं स्टूल पुढे सरकवलं, शेजारून चहा मागवला. भाऊजी कुणाकडे पूजा सांगायला गेले होते. मी आधी मायच्या तब्येतीचं सांगितलं. मग बाकीचं सांगायला लागले आणि सगळं सांगून टाकलं, ‘कै.’ सुद्धा, ताप सुद्धा. आंघोळीचं तिला माहीत होतं. तू पण केली का, एवढंच तिनं विचारलं. केली, म्हणाले. तिनं मान हलवली, जणू हा एक आकडा तिला बरेच दिवस जुळवायचा राहिला होता. पानाचं ऐकल्यावर मात्र तिचा हात थांबला.

“काय काय वाढत होती?” तिनं विचारलं.

मी सांगितलं. भोपळ्याची भाजी म्हटल्यावर ती हसली. मले भोपळा कधी आवडत होता, म्हणाली, मेल्यावर तरी आवडीचं वाढाचं. ती हसत राहिली, मग हसता हसता तिचा चेहरा मोडला. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. तिनं खांद्याला डोळे पुसत त्याला हार बांधून दिला आणि फडक्याखाली झाकलेली ताजी फुलंही वरून दिली. मला हात पुढे करून तिला धरता आलं असतं. मी चहाचा पेला धरून बसले.

निघताना मी तिला म्हणाले की गुरुवारी सासूबाई तीन ते पाच भजनाला जातात, हे कामावर असतात, तेव्हा तू ये, मायला भेट. बोलताना मला वाटत होतं की मी किती छान सोय केली. ताईनं दोरा खाली ठेवला.

“तुह्या घरी मी मेलेली हाये,” ती म्हणाली. “मी दुपारी चोरासारखी नाही येत. आंधी तुह्या सासूले सांग, मंग मले फोन कर. मी सामोरच्या दारानं येईन.”

तिचं बरोबर होतं. मी नंबर घेतला आणि परतीच्या गाडीत उद्याच सांगायचं असं ठरवलं. उद्या सासूबाईंचा उपास होता, अशक्तपणा आला असता. परवा त्यांचं डोकं दुखत होतं. मग घरी कन्यापूजनाच्या पोरी येणार होत्या, त्या दिवशी नको. रोज दिवा लावला की माय मला हळूच विचारायची, सांगतलं का? मी म्हणायचे, उद्या. माझ्या वर्गातली पोरं गृहपाठाबद्दल अशीच बोलतात आणि मी त्यांना बाकावर उभं करते.

अष्टमीला सकाळी मायचे पाय सुजलेले दिसले. त्या दिवशी मी सांगितलं. सासूबाई देवासमोर फुलवाती करत बसल्या होत्या. मी जमिनीकडे पाहून सगळं एका दमात बोलले. त्यांनी मला मध्ये अडवलं नाही. झाल्यावर कापसाची बोंडं डब्यात भरली, झाकण लावलं.

“तेवीस वर्ष जित्या माणसाचं पान मी माह्या घरी काढाले लावलं,” त्या म्हणाल्या. “लेकरू समजून केलं म्या. तू रोज माह्यासमोर होती.”

दिवसभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. नवरा कामावरून घरी आल्यावर मी त्यालाही सांगितलं. त्यानं विचारलं, मला का नाही सांगितलं? दुसरं काही नाही. संध्याकाळी सासूबाई मायच्या खाटेपाशी गेल्या, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी गुडघे दुखत असताना खाली बसल्या आणि मायच्या सुजलेल्या पायांना हात लावला. मले माहीत नोतं, म्हणाल्या. माय त्यांचे हात बाजूला करत राहिली. दोघी म्हाताऱ्या रडल्या. मला तिथे उभं राहता येईना. मग सासूबाईंनी डोळे पुसून मला फोन लावायला सांगितलं.

सांगतलं का, ताईनं आधी तेच विचारलं. मी हो म्हणाले.  मग ती म्हणाली, परवा दसरा आहे, दुकानात झेंडूचे ढीग येऊन पडलेत, हारांच्या ऑर्डरी घेतल्यात, दसरा झाला की दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं येते. फुलवाल्याचा दसरा म्हणजे काय हे मला कुणी सांगायला नको होतं. मायचे पाय सुजलेत, आजच ये, असं मी म्हणू शकले असते. पण इतकी वर्षं घालवून वर आठवडा मीच लावलेला, आता तिला घाई कर म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

नवमीला सकाळी मायनं विचारलं, निघाली का ताई? तिचा चेहरा मी इतका उत्सुक कधी पाहिला नव्हता. अजून दोन दिवस म्हटलं तर ही हातपाय गाळेल असं मला वाटलं. निघाली, म्हणाले, येते संध्याकाळपर्यंत.

माय उठून बसली. तिनं केस विंचरून घेतले, हिरवं लुगडं नेसवून घेतलं. मग म्हणाली, माही खाट सामोर घ्या. आम्ही खाट पुढच्या खोलीत दाराकडे तोंड करून लावली. दुपारचे दोन वाजल्यापासून ती उशीला टेकून दाराकडे बघत बसली. गल्लीत ऑटो वाजला की मान उचलायची. पाणी दिलं तर घोट घेऊन नजर परत दाराकडे. मी दोनदा सांगायला गेले की ती आज नाही, परवा येणार आहे, आणि दोन्ही वेळा परत फिरले. दिवेलागण झाली. मायनं त्यानंतर काही विचारलं नाही. मले आडवी कर, एवढंच म्हणाली. दसऱ्याच्या सकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा ती गेलेली होती.

सात वाजता मी ताईला कळवलं. अकराच्या आत ती आमच्या दारात होती. झेंडूचे ढीग तसेच टाकून, भाड्याची गाडी करून, हाताला पिवळा रंग लागलेला तसाच. ती पुढच्या दारानंच आली. गल्लीतल्या बाया जमल्या होत्या. शेजारच्या काकूंनी मला विचारलं, ह्या कोण? या काकू दरवर्षी अमावास्येला वडे तळायला आमच्याकडे यायच्या. मी म्हणाले, माझी मोठी बहीण. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं आणि एक पाऊल मागे सरकल्या.

“जित्ती हाये ती,” सासूबाई आतून म्हणाल्या. “चूक आमच्या घराची झाली.”

चूक सुनेची, असं त्या म्हणाल्या नाहीत. ताई मायच्या उशाशी बसली. तिनं मायचा चेहरा दोन्ही हातांनी धरला आणि रडली नाही. बत्तीस वर्षांचं राहिलेलं ती पाहून घेत होती. नेताना माणसं म्हणाली, चला, उशीर होतोय, तेव्हा तिनं हात काढले.

ती तेरवीपर्यंत राहिली. तिसऱ्या दिवशी भाऊजीही आले, पातळ केसांचे, हळू बोलणारे, सासूबाईंच्या पाया पडले. आम्ही दोघी बहिणी मायच्या खोलीत असायचो. चहात ती साखर घेत नाही, हे मला तिथे कळलं. सुरुवातीच्या वर्षांत ती दोनदा अंजनगावच्या स्टँडपर्यंत आली होती आणि बाकावर बसून परत गेली होती. तिच्या बाळंतपणाला माहेरचं कुणी नव्हतं, एका शेजारणीनं सगळं केलं. तो मुलगा आता नाशिकला नोकरी करतो आणि त्याला वाटतं की त्याच्या आईला माहेर नाही. हे सगळं ती वाती वळता वळता सांगायची, तक्रारीचा सूर न लावता, आणि मला तिनं तक्रार करावी असं वाटायचं.

आता ताई महिन्या-दोन महिन्यांनी येते. सासूबाईंशी तिचं माझ्यापेक्षा जास्त जमतं. रविवारी तिचा फोन येतो, काय केलं, काय खाल्लं, असं आम्ही बोलतो. लोक म्हणतात, बरं झालं, बहिणी एक झाल्या. झालो खरं. पण माझ्याकडून तिला आणखी एक गोष्ट कळायची होती, आणि ती तेरवीच्या आदल्या दिवशी कळली.

दुपारी दुसऱ्या दिवसाच्या स्वयंपाकाची भाजी निवडत आम्ही दोघी बसलो होतो. ताईनं मेथीची जुडी सोडत विचारलं, मायनं माही वाट पाह्यली का? मी हो म्हणाले. नवमीला दुपारी दोनपासून दारात खाट लावून, हिरवं लुगडं नेसून बसली होती, म्हणाले.  नवमीले काहून, ती म्हणाली, मी तर दसरा झाल्यावर येईन म्हटलं होतं.

मी तिला सांगितलं की मी मायला आज येते असं सांगितलं होतं. ती माझ्याकडे बघत राहिली. मी आणखी काही बोलेन, असं तिला वाटत असावं.

“दसऱ्याचं सांगतलं असतं त तिले समजलं असतं,” ती म्हणाली. “सारी जिंदगी तिनं फुलंच तोडली.”

मग तिनं मेथी खाली ठेवली.

“म्हणजे तिले वाटलं असन, मी आलीच नाही.”

मी हो म्हणाले.